राजूबाईने झाकणं बदलली

भालकी

विहीणबाई सावित्रीबाईंना दीपमालाच्या आज्जीचा सप्रेम जयभीम. (दुसऱ्या आज्जीचा. पहिली कोण, ते आपल्या नातीला विचारावं लागत नाही.) तुमचे गुडघे कसे आहेत? माझे उत्तम आहेत, विचारलं नाहीत तरी सांगते.

नात रोज कलबुर्गीहून तुम्हाला अफजलपूरला फोन लावते आणि इंग्रजीचा अभ्यास विचारते, हे तुमच्या लेकीकडून कळलं. आनंद झाला. (त्या दिवशी जेवण गेलं नाही, ते उन्हामुळे.) तुम्ही शाळेत बाई होतात. मी मालकांच्या शेजारी बसून पेपरातली अक्षरं लावत वाचायला शिकले. ते गेल्यापासून पेपर मीच मोठ्याने वाचते, ऐकायला कुणी नसलं तरी. म्हटलं, इंग्रजीही जमेल. तिच्या पुस्तकात प्रत्येक क्रियापदामागे एक चिमुकला शब्द ठरलेला, दुसरा लावला की मार्क गेले. मी युक्ती केली. डब्यावर क्रियापद चिकटवलं, झाकणावर त्याचा शब्द. तुरीच्या डब्यावर लिसन, झाकणावर टू. शेंगदाण्यांवर लाफ, झाकणावर ॲट. मालकांच्या सुपारीच्या डब्यावर वेट, झाकणावर फॉर. डाळ काढताना पाठांतर, झाकण लावताना उजळणी.

मग जयंतीची साफसफाई निघाली. शेजारच्या राजूबाईने मदत म्हणून डबे पुसून उन्हात मांडले आणि जे झाकण जिथे बसलं तिथे लावून टाकलं. मी तसंच पाठ केलं, अगदी खणखणीत. नातीला स्वतः फोन करून सांगितलं, की अफजलपूरला विचारायची गरज नाही, मी बसलेय. तिने सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन.

"आज्जी, समदं चुकलं की! कशावरनं सांगायलीस तू?"

"डब्यावरनं."

"डब्यावरनं? कामून?"

मी डब्या-झाकणांची युक्ती सांगितली, तशी ती हसतच सुटली. (पुढचा फोन तुम्हालाच गेला असणार.) एकच बरोबर आलं, वेट फॉर, म्हणजे वाट बघणे. तो डबा मी राजूबाईच्या हाती दिलाच नव्हता. कुणाच्याच देत नाही.

तुमची,
चंद्रभागाबाई

ता.क. नात अख्खी सुट्टी तुमच्याकडे राहणार, असं ऐकलं. निदान मे महिना मला द्या. वाट बघणं मला पक्कं येतं, त्यापुढचं शिकायचं आहे.

ता.क. आणखी एक. गुडघे साथ देत असतील तर तुम्हीही या. आलात तर झाकणं तुम्हीच नीट लावून द्या. सुपारीचं सोडून.