सायखेड्याच्या बसमध्ये न सांगितलेलं

प्रिय शैला,

तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले. इतके दिवस तुला लिहावं असं मनातही आलं नव्हतं. रडू येत होतं, रडत होते. पण काल सव्वानऊच्या बसने सायखेड्याला जाऊन आले आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये. सकाळपासून तीनदा चहा टाकला, तिन्ही वेळा कपातच गार झाला. आमचे हे म्हणाले, "नलू, काय शोधतेयस घरभर?" काय सांगू यांना? जिला सांगायला हवं होतं, तिला वेळेवर सांगितलं नाही. म्हणून आता कागद घेऊन बसलेय.

काल जायचं तसं काही कारण नव्हतं. शाळेत रजा टाकली, घरी काहीतरी थाप मारली आणि सरळ नाशिकचं सीबीएस स्टँड गाठलं. सात वर्षांनी गेले गं त्या फलाटावर! खांब तोच, पाटी नवी. बसमध्ये डावीकडची तिसरी सीट रिकामी होती, पण मी बसले नाही. चांदोरीपर्यंत उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, जागा हाय की." मावशी! आपण या बसने जायला लागलो तेव्हा 'ताई' होतो, मग 'मॅडम' झालो.

एक्क्याण्णवच्या जूनमध्ये आपण पहिल्यांदा भेटलो. एकाच संस्थेत, एकाच दिवशी हजर झालो असं तू सगळ्यांना सांगायचीस. खरं तर मी तुझ्या आधी अकरा दिवस रुजू झाले होते. ते अकरा दिवस पुढे किती मोठे झाले, नाही?

दोघीही मराठीच्या. दोघींची घरं नाशकात, शाळा सायखेड्यात. रोजचा सव्वा तास जाताना, सव्वा तास येताना. एवढा वेळ तर मी घरी यांच्याशीही कधी बोलले नाही! आणि बोलायचो काय? हवा. आज थंडी किती, काल वारा कुठून होता, लाखलगावच्या पुढे कुणाच्या द्राक्षबागेची छाटणी झाली, कुणाचा गहू ओंबीवर आला. तुला खिडकी लागायची, कारण तुला बस लागायची असं तू म्हणायचीस. साफ खोटं. तुला बघायचं असायचं.

धुक्याला तू नावं ठेवली होतीस. दाट असलं की 'रजई', विरळ असलं की 'मलमल'. रजईच्या दिवशी ड्रायव्हर डोकं बाहेर काढून गाडी हाकायचा आणि तू मात्र लहान मुलीसारखी खूश! काच सरकवून हात बाहेर. मागून ओरडा व्हायचा, "ओ बाई, लावा ती काच, गारठलो आम्ही!" निफाडकडचा तो एक सरपंच तर म्हणायचा, "तुम्हा दोघींचं हवामान संपतं का कधी?"

हवेच्या आडून सगळं बोलणं व्हायचं आपलं. बागांमध्ये थंडीपासून वेली वाचवायला केलेला धूर बघता बघता तू मला सांगितलंस, की मुक्ताच्या वेळी तुझी सासू दवाखान्यात फिरकलीसुद्धा नाही. उसाच्या बैलगाड्यांमागे बस अडकली होती तेव्हा मी तुला सांगितलं, की दुसरं मूल मीच नको म्हटलं. हे मी माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलेलं नाही, शैला.

आणि गंगेला, आपल्या गोदावरीला, पूर आला तो दिवस! चांदोरीला बस थांबली, पूल पाण्याखाली. पलीकडे सायखेडा, मध्ये गढूळ पाण्याचा लोंढा. मक्याची ताटं मुळांसकट वाहत चालली होती. एक भोपळा गरागरा फिरत गेला. लोक गंभीर चेहऱ्याने बघत होते आणि तू माझ्या कानात म्हणालीस, "नलू, सुट्टी!" मला हसू आवरेना, तोंडात पदर कोंबला. टपरीवर भजी खाल्ली, साड्या घोट्यापर्यंत चिखलात. परतीची बस मिळाली तेव्हा तू म्हणालीस, "आपण म्हाताऱ्या झालो ना, की असंच यायचं. शाळा नाही, वह्या नाहीत. नुसतं बघायला."

उठले होते. गॅलरीत जाऊन आले. समोरच्या सोसायटीने झाड तोडलंय, आता थेट त्यांच्या स्वयंपाकघराचा ओटा दिसतो. बसते आता. पुढचं लिहायलाच तर बसलेय.

तुझ्या आई तुझ्याकडे राहायला आल्या त्या वर्षी तू बसमध्ये गप्प असायचीस. अर्धांगाने त्यांचा डावा हात, डावा पाय गेलेला. भाऊजी सातपूरला कारखान्यात, मुक्ता शाळेत. दुपारी त्या घरात एकट्या. एकदा त्या न्हाणीघरात पडल्या आणि साडेपाचला मुक्ता शाळेतून येईपर्यंत तशाच पडून होत्या. अकरा वर्षांची पोर! तिने आजीच्या अंगावर चादर घातली आणि शेजारच्यांना हाक मारली. तू हे मला दुसऱ्या दिवशी सांगितलंस. डोळ्यांत पाणी नव्हतं. शिलापूरपासून लाखलगावपर्यंत एकच वाक्य परत परत, "नलू, मी तिथे नव्हते."

मग जानेवारीचा पहिला आठवडा. मलमल होती त्या दिवशी. तू इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणालीस, "आपल्या संस्थेच्या नाशिकच्या शाळेत मराठीची जागा निघतेय जूनपासून. मला ऑफिसातून कळलं. मी अर्ज टाकतेय. घरापासून दहा मिनिटं गं! मधल्या सुट्टीत जाऊन आईला जेवायला घालता येईल. कुणाला बोलू नकोस."

मी म्हटलं, "छे, मी कशाला बोलतेय?"

कुणालाच बोलले नाही. फक्त घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू सीनियर आहेस. अकरा दिवसांनी का होईना. दहा वर्षं धक्के खातेयस. जागा तुझ्या हक्काची आहे." त्यांना दोष देत नाही मी. त्यांनी फक्त म्हटलं. अर्ज मी लिहिला, माझ्या अक्षरात. बुधवारी तू रजेवर होतीस, त्या दिवशी तो हेडसरांच्या हातात दिला.

मला काय झालं होतं, शैला? माझ्या घरी कुणी आजारी नव्हतं. मी नुसती थकले होते. कंबर धरायची, पावसाळ्यात साडीचा काठ कायम ओला, घरी पोचेपर्यंत सात. पण तूही तेवढीच थकलेली होतीस की! मला वाटायचं, सांगू या, उद्या सांगू या. रोज सीबीएसवर ठरवून चढायचे. आणि तू म्हणायचीस, "नलू, बघ, द्राक्षात साखर भरायला लागली, रंग बदलला." आणि मी म्हणायचे, "हो गं, यंदा थंडी चांगली पडली ना."

असे सहा-सात आठवडे! रोज अडीच तास!

फेब्रुवारीच्या शेवटी ऑर्डर आली. माझ्या नावाची. तुला हेडसरांनी ऑफिसात बोलावून सांगितलं, मी नाही. तू वर्गावर परत गेलीस, तास घेतलास, सहावीची पोरं मोठ्याने कविता म्हणत होती ते मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. संध्याकाळी बसमध्ये तू आधी चढलीस आणि खिडकी सोडून अलीकडे बसलीस. म्हणालीस, "तू बस तिथे. तुझे थोडेच दिवस राहिले."

मी बसले. का बसले मी? नको म्हणायला हवं होतं. रस्त्याच्या कडेला द्राक्षांचे क्रेट रचलेले होते. तू माझ्या पुढून वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "या वर्षी माल लवकर निघाला, नाही?"

त्यानंतर एप्रिलपर्यंत आपण एकत्र येत-जात होतो. तू एकदाही विषय काढला नाहीस. माझा तुझ्यावर राग आहे तो इथे, सांगून टाकते. तू भांडली का नाहीस? सीबीएसवर चारचौघांत माझी वेणी धरली असतीस तरी चाललं असतं! "नालायक" म्हणाली असतीस तर मी रडले असते, पाया पडले असते, काहीतरी झालं असतं. तू मात्र मला ऊन किती झालंय ते सांगत राहिलीस. मी तरी काय वेगळं केलं म्हणा.

पुढच्या पौषात तुझ्या आई गेल्या. दुपारी. घरात कुणी नव्हतं. याही वेळी आधी मुक्ताच पोचली. डॉक्टर म्हणाले, जवळ कुणी असतं तरी उपयोग नव्हता. मी भेटायला आले तेव्हा तू मला पाण्याचा तांब्या दिलास आणि विचारलंस, "उन्हातून आलीस का?"

तरी फोन करायचीस तू. महिन्या-दोन महिन्यांतून. गारा पडल्या की, नांदूरमध्यमेश्वरकडे पक्ष्यांचे थवे जायला लागले की. "नलू, आज शाळेच्या पत्र्यावर एवढा आवाज झाला की पोरं बाकाखाली शिरली!" मी हसायचे. तूही हसायचीस. मग दोघी गप्प. मग कुणीतरी म्हणायचं, "चल, ठेवते."

डिसेंबरात शेवटचा फोन. म्हणालीस, "रजई पडायला लागलीय परत. एखाद्या सुट्टीच्या दिवशी ये ना. बसने जाऊ, नुसतं बघायला." आणि मी काय म्हटलं? "सहामाहीचे पेपर राहिलेत गं, जानेवारीत बघू." पेपर कधीच संपले होते, शैला. मला तुझ्या शेजारी सव्वा तास बसायची भीती वाटली.

जानेवारीत तू डबा भरता भरता ओट्याजवळ खाली बसलीस आणि उठली नाहीस. एकोणपन्नासाव्या वर्षी! कसली घाई होती?

आता कालचं सांगते. सायखेड्याला उतरले, शाळेत गेले. सगळे नवे चेहरे. ओळखीचे एक दगूमामा शिपाई. पार वाकलेत. मला बघून घंटेखालच्या स्टुलावरून उठले.

"नलूबाई! बसा, बसा. शैलाबाईंचं लय वाईट झालं वो. आदल्या दिवशी मला म्हनल्या, मामा, सेटर घाला, थंडी वाढनार हाय."

मी शेजारच्या पायरीवर बसले. मग ते म्हणाले, "येक बोलू का? राग नका मानू. तुमची बदली झाली तवा टीचररूममधी लय चर्चा झाली. कुनी म्हनलं, नलूबाईंनी शैलाबाईंचा गळा कापला. मी चहा घेऊन गेल्तो. शैलाबाईंनी कप खाली ठिवला अन् म्हनल्या, जागा तिच्या हक्काची होती, तिला कुनी नावं ठिवायची नाय."

मी विचारलं, "एवढंच?"

मामा खाली बघायला लागले. "नाय. समदे गेल्यावर मी कप उचलत व्हतो, तवा येकट्याच बोलल्या. म्हनल्या, मामा, तिनं सांगितलं असतं तर बसमधी बसून दोघींनी ठरवलं असतं. कदाचित मीच म्हनले असते, तू जा. पन सात आठवडे ती माझ्याशी धुक्यावर बोलली."

शैला, मी तिथून कशी निघाले, पुलावरून चालत चांदोरीला कशी आले, आठवत नाही. बसची वाट बघायला थांबताच येईना. पायच थांबत नव्हते. म्हणजे तुला बदलीचं दुःख नव्हतंच! निदान तेवढं नव्हतं. सात वर्षं मी स्वतःला समजावत होते, की जागा माझ्या हक्काची होती. बरोबरच होतं ते, तूही तेच म्हणत होतीस. आणि जे माझं चुकलं होतं, त्यावर मी एक शब्द बोलले नाही. तू वाट बघत होतीस का गं? प्रत्येक फोनच्या शेवटी आपण गप्प व्हायचो, ते त्यासाठीच होतं का?

तुझ्या दहाव्याला मुक्ता माझ्याजवळ येऊन बसली होती. अठरा वर्षांची झाली, हनुवटी अगदी तुझी. तिने विचारलं, "मावशी, आईचं आणि तुझं कशावरून बिनसलं होतं? आईला विचारलं की ती विषय बदलायची." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "काही नाही गं बाळा, आमची शाळा वेगळी झाली एवढंच." परत तेच केलं मी! तुझ्या पोरीशीसुद्धा! दोन्ही वेळा आजीजवळ आधी पोचली ती तीच होती. तिला कळायला नको का, त्या दुपारी तिची आई दहा मिनिटांवर का नव्हती?

मघाशी हे लिहिता लिहिता उठून तिला फोन लावला. रविवारी सकाळी येते म्हणाली. मी तिला अर्जाचं सांगणार आहे. कुणाच्या हक्काचं होतं, कोण थकलं होतं, हे काही सांगणार नाही. "मुक्ता, तुझी आई मला विश्वासाने बोलली आणि मी तिच्यापासून लपवलं," एवढंच सांगणार, तिच्या डोळ्यांत बघून. ती उठून निघून गेली तर तिला अडवणार नाही. ओरडली तर ऐकून घेईन. तुझ्या वाटचंही ऐकेन, शैला. हा माझा शब्द.

तुझी,
नलू