निळसर पट्टा

अण्णा,

योगीराज पेंटर दहाला येईल. त्याला सांगा, आपल्या आईच्या खोलीला आज ब्रश लावायचा नाही. भिंतीवरचे नमुन्याचे दोन्ही पट्टे, बदामी आणि निळसर पांढरा, तसेच राहू देत. रंग आई निवडेल, पण आत्ता नाही.

काल तुम्ही त्याच्यासमोर म्हणालात, "आईचं डोकं आता चालत नाही. त्याच निळसर पट्ट्याला सकाळी पिवळट म्हणते, दुपारी निळा." ती दारामागे उभी होती. नंतर जेवलीही नाही.

आज मी तिचा एकेक डोळा झाकून भिंत दाखवली. ऑपरेशन झालेल्या उजव्या डोळ्याला पट्टा निळसर दिसतो आणि मोतीबिंदूच्या डाव्याला पिवळट. सकाळी थेंब घातले की ती उजवा डोळा मिटून बसते, आणि तुम्ही नेमकं तेव्हाच विचारता! तिला जे दिसतं तेच ती सांगते. ऑपरेशनला पंधरा दिवस झाले, तरी हे माझ्याही लक्षात आलं नाही. पण मी होसकोटेच्या वृद्धाश्रमाचा फॉर्म भरून ठेवला नव्हता.

दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्यायला आम्ही बनशंकरीला डॉक्टरांकडे जातोय. चित्रान्न झाकून ठेवलंय, स्वल्प गरम करून घ्या.

आणि तुमच्या कपाटात तो फॉर्म शोधत बसू नका. आईच्या पिशवीत आहे. सकाळी तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचला, उजव्या डोळ्याने.

मथुरा