आरशातला कान

९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि मी उत्तर टाळलं, हे आधीच कबूल करते, म्हणजे तुला ते ओरडून सांगायचे कष्ट नकोत. आज लिहू, उद्या लिहू असं चाललं होतं. एकदा कागद घेऊन बसलेही, पण समोरच्या गच्चीवर एक माणूस सायकल उलटी टेकवून तिचं चाक नुसतंच फिरवत होता. का, ते कळेपर्यंत बघावं म्हणून बसले. कळलं नाही, आणि अंधार पडला. फोन करायचा धीर होत नाही. फोनवर तू बोलतोस आणि मी हं म्हणते, आणि त्यालाच आपल्या घरात चर्चा म्हणतात.

हे आता नवीन खूळ कोणतं, असं तू विचारलंयस. सांगते. इथल्या इस्पितळात मुलांच्या वॉर्डाची भिंत रंगवायला मला बोलावलं होतं. मासे काढायचे होते. एका माशाला गुलाबी हवा होता, म्हणून रंग कालवून मी स्वतःच्या मनगटावर लावून बघत होते. रंगाच्या वासाबद्दल भांडायला एक बाई आल्या, भांडण सोडून माझं मनगट धरून उजेडात घेऊन गेल्या, आणि म्हणाल्या की हा गुलाबी माशाचा नाही, माणसाचा आहे, उद्यापासून माझ्याकडे ये. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात.

बाईंची कार्यशाळा मागच्या बाजूला आहे, चादरी धुतात त्या खोलीला लागून, त्यामुळे भिंत कायम कोमट असते. अपघातात, भाजून, आजारपणात गेलेले कान, नाकं, बोटं तिथे नव्यानं बनवतात. आधी मेणात कोरायचं, मग साचा, मग कातडीच्या रंगाचं मऊ सिलिकॉन. शेवटी ब्रशनं रंग, पातळ, थरावर थर. कानाची कड पाळीपेक्षा लाल असते हे तुला माहीत होतं? मला नव्हतं, आणि मी जन्मभर माणसांचे चेहरे बघत आलेय.

नाटकवाल्यांचे पडदे मी मनापासून रंगवले, पण प्रयोग संपला की ते गुंडाळून ठेवायचे, कोणाचं काही अडत नव्हतं. मग आजारी म्हाताऱ्यांची शुश्रूषा केली. तिथे सगळ्यांचं अडत होतं, पण माझे हात उपाशी राहायचे. औषधाच्या पुड्यांवर चित्रं काढायचे म्हणून बोलणी खाल्ली. इथे दोन्ही भुका एकदम भागतात. बाईंनी सध्या फक्त बघायला ठेवलंय. कायम ठेवतील की नाही, ते माझ्या हातचं पहिलं काम बघून ठरेल.

म्हणून तू बोलावलंस तरी महिनाअखेर घरी येत नाही. बाबांना नमस्कार. वहिनीला सांग, तिचा स्वेटर मी नेला नव्हता, पण सापडला. तुझा लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवलास तर मला झेपायचा नाही.

तुझी,
भिंगरी

१७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

पत्र पोचलं. बाबांना वाचून दाखवलं. अर्ध्यात त्यांनी रेडिओ लावला.

पडदे झाले, शुश्रूषा झाली, मध्ये ते मातीची भांडी करणं झालं. तिथून आणलेला वाकडा गडू अजून गळतोय. आता कान. पुढच्या वर्षी काय करणार आहेस, शेपट्या? लोकांचे कान करायला निघालीस, आणि घरच्यांचं ऐकायची वेळ आली की तुझे दोन्ही कान जागेवर असून नसल्यासारखे.

इथली, स्टुडिओची हकीकत ऐक. बाबांचा हात आता कॉम्प्युटरवर स्थिर राहत नाही. परवा फोटोतल्या एका गिऱ्हाइकाच्या कपाळावरची सुरकुती पुसताना त्यांनी एक भुवईच पुसली. मी छापून पाकिटात घातल्यावर माझ्या लक्षात आलं. बाबांना सांगता येत नाही, म्हणून ते झोपल्यावर मी सगळे फोटो परत दुरुस्त करतो. लग्नाची कामं तोंडावर आहेत. फोटोवर शेवटचा हात फिरवायला या घरात दोनच माणसं होती. एकाचा हात गेला, दुसरी हात घेऊन गेली.

मन रमलं पाहिजे आणि लोकांच्या उपयोगीही पडलं पाहिजे, म्हणे! एकाच ताटात दोन्ही हवं. मला विचारलं होतं कोणी, माझं मन कशात रमतं? कॅमेरा गळ्यात अडकवून मीही डोंगर बघायला जाणार होतो. गेलो का? पोरांच्या शाळेचे फोटो काढतोय, रांगेत उभं करून, उंच मागे, बुटकी पुढे. त्यांच्याही उपयोगी पडतंच की ते.

महिनाअखेरीपर्यंत आलीस तर तुझं टेबल तुझं. नाही आलीस तर माणूस ठेवतो आणि तुझी मागची खोली त्याला देतो. मग पडदे, कान, जे काही उरेल ते घेऊन कुठे जायचं ते तू ठरव.

बाबांनी आशीर्वाद सांगितलेले नाहीत, मीच लिहितोय.

दादा

२ फेब्रुवारी

दादास,
सा. न. विनंती काही नाही, विशेष मात्र बरंच आहे.

बाईंना पत्र लिहिलंस. माझ्या पाठीमागे. काल त्यांनी मला बोलावलं आणि मेणाच्या भांड्यावरचं झाकण उचलावं तसं ते पत्र दोन बोटांत धरून माझ्यापुढे केलं. मुलगी हुशार आहे पण धरसोड आहे, कोणतंही काम शेवटाला नेत नाही, हिच्यावर रुग्ण सोपवू नये, घरी तिची गरज आहे, आपण समजूत घालून पाठवावी. अक्षर किती सुरेख काढलंयस! एवढं सुरेख अक्षर तू मला आजवर कधी पाठवलं नाहीस. बाई एवढंच म्हणाल्या की भावाला वळण चांगलं आहे, आणि पत्र माझ्या हातात देऊन साचा धुवायला गेल्या.

आणि वेळ काय साधलीस! आदल्याच दिवशी माझं पहिलं काम फसलं होतं. ऐक आणि खूश हो.

एक ट्रक ड्रायव्हर आहे. अपघातात काच फुटली, एक कान गेला. दिसायचं सोड, त्याची अडचण अशी की चष्म्याची काडी टेकवायला कान नाही. तो चष्मा सुतळीनं डोक्याला बांधून ट्रक चालवायचा, वरून मफलर, भर उन्हातही. त्याचा कान बाईंनी मला दिला. शाबूत कानासमोर बसायचं आणि त्याचा उलटा कोरायचा, आरशात दिसेल तसा. मी आठवडाभर कोरला. रंग असा जमला की धुलाईखोलीतल्या बायका बघायला आल्या. एकीनं तर त्यात हळूच काहीतरी सांगितलंही, काय ते कळलं नाही.

ड्रायव्हरनं तो लावला, आरसा घेतला, आणि म्हणाला की हा कान कोणाच्या लग्नाला निघालाय? चष्मा घातला तर एका बाजूला कलला. तेव्हा मला दिसलं. त्याचा खरा कान सुपासारखा बाहेर आलेला आहे, वरची कड दुमडलेली, पाळीला जुना चिरा. आणि मी केलेला कसा? छोटा, गोंडस, डोक्याला चिकटलेला. मी मुद्दाम नाही केलं रे. माझ्या हातानं केलं. लहानपणापासून स्टुडिओत बाबा काय सांगायचे आपल्याला? ज्याचे कान बाहेर त्याचे कान आत घे, डाग काढ, नाक सरळ कर, गिऱ्हाईक खूश. मी त्या माणसाचा कान आत घेतला! तो म्हणाला की माझ्या बापाचे कान असे होते, माझ्या पोराचे असे आहेत, मधल्यामध्ये मलाच का सुधारलंत? कान टेबलावर ठेवून मफलर गुंडाळून गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

बाई म्हणाल्या, आणखी एक कर. तोही टेबलावर परत आला तर त्याच्याबरोबर तूही जा.

महिनाअखेर उलटून गेली आहे. खोली देऊन टाक. खिडकीची खालची कडी लागत नाही, एवढं त्या माणसाला सांग.

लोभाचं तू बघ.

भिंगरी

१० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

हो, लिहिलं पत्र. त्यातला एक शब्द खोटा असेल तर दाखव. तू शेवटाला नेलेलं एक तरी काम सांग. वहिनी म्हणते मी लिहायला नको होतं. तिला म्हटलं, मग तू ये आणि भुवया लाव.

पण कान आत घेतला याचं खापर तू बाबांवर फोडलंस, ते मला लागलं. आपल्याकडून लोक हसत जातात. एका मुलीचा फोटो बाबांनी केला होता, भाजलेला गाल होता तिचा, तो फोटोत नितळ केला. ती तो फोटो छातीशी धरून गेली. ती मदत नव्हती का? मदत काय फक्त इस्पितळाच्या मागच्या दारानंच होते? तू घर सोडून शहाणी झालीस, आणि आम्ही इथे लोकांना फसवतोय, असं का तुझं म्हणणं? मग तसं सरळ लिही. कानामागून येऊन तिखट होऊ नकोस.

तुझं हे पत्र बाबांना वाचून दाखवणार नव्हतो. त्यांनी मागितलं. वाचून झाल्यावर रेडिओ लावला नाही. एवढंच विचारलं, दुमडलेली कड कोरताना तिच्या आतली सावली कशी आणणार आहे ती. मी म्हटलं मला काय माहीत, मी काय कान करतो? तुला सांगायचं असेल तर त्यांना वेगळं लिही. मी निरोप्या नाही.

टेबलासाठी माणूस बघून ठेवलाय. पुढच्या आठवड्यात येतोय. यापुढे मी लिहिणार नाही.

दादा

२६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू लिहिणार नाहीस, ठीक आहे. मी लिहीन, मला सवय आहे एकटीनं बडबडायची.

त्या भाजलेल्या गालाच्या मुलीवर मी बरेच दिवस विचार केला. तू बरोबर असशील. पण ती फोटो घेऊन घरी गेली आणि गाल तिच्याबरोबरच गेला ना? तो गाल घेऊन ती बाजारात कशी जात असेल? याचं उत्तर मला येत नाही. तुलाही येत नसणार, नाहीतर तू एवढा चिडला नसतास.

दुसरा कान झाला. या वेळी मी हातावर विश्वास ठेवला नाही. ड्रायव्हरला विनंती करून बोलावलं, समोर बसवलं आणि डोळे त्याच्या कानावरून हलवलेच नाहीत. बाहेर मांजराची पिल्लं भांडत होती, तरी नाही. कोरताना हात सारखा चांगलं करायला धावतो. कड सरळ करू बघतो, पाळीचा चिरा बुजवू बघतो. दर वेळी थांबायचं आणि तो कुरूपपणा परत कोरायचा. कुरूप म्हटलं, पण चौथ्या बैठकीला मला तो कान आवडायला लागला होता. बाबांना सांग, नको, मीच लिहीन, पण आत्ताच सांगून टाकते: सावली रंगानं आणायची नसते. कड खरोखर पोकळ कोरायची, मग सावली आपली आपण येऊन बसते.

बसल्या बसल्या तो म्हणाला की माणसांचे कान चापून बसवायचं तुला कोणी शिकवलं. मी आपला स्टुडिओ सांगितला, चौकातला, घड्याळाच्या दुकानाशेजारचा. तुझ्याबद्दलही सांगितलं, सगळं. तो म्हणाला, भाऊ तापट दिसतोय. मी म्हटलं, दिसत नाही, आहेच.

परवा कान लावला. त्यानं चष्मा घातला, मान हलवली, खाली वाकून बुटाची नाडी सोडली, परत बांधली. चष्मा जागचा हलला नाही. मग उठला आणि गेला. मफलर न्यायचा विसरला की ठेवून गेला, कोण जाणे. बाई म्हणतात, इथल्या खोलीत सगळ्यांनाच बरा वाटतो, रस्त्यावर उन्हाघामात टिकला आणि लोकांच्या नजरेत टिकला तर खरं. तो परत आणून टेबलावर ठेवतो का, याची मी वाट बघतेय. दाराशी कोणीही आलं की आधी त्याच्या हातात काय आहे ते बघते. दादा, मला हेच काम करायचंय. पहिल्यांदाच एखादी गोष्ट सोडावीशी वाटत नाहीये आणि नेमकं तेच माझ्या हातात नाही.

बाबांच्या हाताला जपा. त्यांना भुवईचं सांगू नकोस.

वाटलं तर लोभ असू दे, नाहीतर राग तरी असू दे.

भिंगरी

५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

लिहिणार नव्हतो. पण तुझ्या पत्रात इतका आगाऊपणा आहे की उत्तर दिलं नाही तर तो पचला असं तुला वाटेल.

परक्या माणसाला घरची लक्तरं दाखवायची गरज नव्हती. मी तापट आहे हे चौकाला माहीत आहे, ते महामार्गावर पोचवायलाच हवं होतं असं नाही. टेबलाचा माणूस आला, दोन दिवसांत पळाला. बाबांनी त्याला सावलीवर प्रवचन दिलं, सगळं तुझ्याच पत्रातलं. खोली रिकामी आहे, म्हणून ती तुझी आहे असं समजू नकोस. कडी मी दुरुस्त केली, ती भाडेकऱ्यासाठी. तुझ्या त्या मुलीच्या गालाच्या प्रश्नावर मला काहीही म्हणायचं नाही. कोणतं काम मोठं आणि कोणतं छोटं हे ठरवणारी तू

इथवर लिहिलं आणि मध्येच उठावं लागलं. बाहेर ट्रक उभा राहिलाय, अख्खा चौक अडलाय, घड्याळवाला शिव्या देतोय. तुझा ड्रायव्हर आलाय. परवान्यासाठी फोटो पाहिजे म्हणतो, समोरून, दोन्ही कान दिसतील असा. खुर्चीत बसला आणि मला म्हणतो, आधी खोटा कोणता ते सांगा, मगच फोटो काढा. मी दिवा एका बाजूनं टाकला, मग दुसऱ्या बाजूनं. चष्मा काढायला लावला. बाबा आतून उठून आले, त्याच्या इतक्या जवळ गेले की मला लाज वाटली. बाबा म्हणतात डावा. मी म्हणतो उजवा. दोघांचा आवाज चढलाय. तो नुसता हसतोय, सांगत नाही. तुझ्या बाईंना निरोप द्यायला सांगतोय की कान परत करायला तो येणार नाही.

उलट टपाली कळव, कोणता ते.

दादा