मूळ आवाज

सोमवार, १४ ऑक्टोबर

तो आहे त्यात!

दुपारी बर्फावरच्या संशोधन केंद्राची फिल्म उघडली. सत्तावीस तारखेच्या रविवारी आमच्या चॅनलवर दिवसभर फक्त बाहेरच्या जगाचे कार्यक्रम. युद्धं, निवडणुका, धरणं, मासेमारीवरून दोन देशांची भांडणं, मधेमधे माहितीपट. सगळं आपल्या भाषेत. म्हणजे सगळं माझ्या टेबलावरून जाणार. मूळ आवाज खाली घ्यायचा, आपल्या माणसाचा आवाज वर आणायचा, मधल्या रिकाम्या जागा कापायच्या — एवढंच माझं काम, गेली कित्येक वर्षं. तर फिल्म उघडली. पेंग्विन गेले, एक शास्त्रज्ञ येऊन गेला, आणि मग जनरेटरच्या खोलीत हातात पाना घेऊन उभा — माझा नवरा! दाढी छातीपर्यंत. अंगात मीच दिलेला राखाडी स्वेटर, कोपरावर उसवलेला.

हेडफोन काढून आधी मागे वळून पाहिलं, कुणी बघतंय का. जसं काही परपुरुषालाच बघत होते.

दोन वर्षं होत आली त्याला जाऊन. आणि या पठ्ठ्याने फिल्मबद्दल अवाक्षर काढलेलं नाही!

कुणाला सांगितलं नाही. आमच्या विभागप्रमुख मॅडमना कळलं तर मलाच नटवून स्टुडिओत बसवतील — 'आपल्याच सहकारी, आणि यांचे यजमान चक्क बर्फात!' नकोच ते.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

त्याचा अर्धा भाग ऐकला. हा बोलतो! इंग्रजीत, मोडक्यातोडक्या, पण धडाधड.

वीस वर्षं संसार केला याच्याशी. 'हं', 'बघू', 'झालं', 'ठेव तिथे' — एवढ्या भांडवलावर या माणसाने घर चालवलं. पाहुणे आले की मिठाची गुळणी धरून बसायचा. मी म्हणायचे, जाऊ दे, दिवसभर यंत्रांच्या धडधडाटात असतो, तोंड उघडायची सवयच मोडली असेल. आणि इथे त्या फिल्मवाल्या बाईला काय काय सांगतोय! की अंधाराचे महिने लागले की माणसं आधी भांडतात, मग रडतात, मग पत्ते खेळायला बसतात. की गजराने त्याला जाग येत नाही, पण जनरेटरचा सूर जरा बदलला की ताडकन उठतो. की बर्फाला वासच नसतो, म्हणून कधीकधी डिझेलचा बोळा नाकाशी धरून बसतो. ती बाई हसली. मीही हसले, आणि हसता हसता रडायलाच आलं.

मला का नाही सांगितलंस रे हे? मीसुद्धा हसले असते.

आमच्यात पद्धत अशी की बोलणाऱ्याचं पहिलं अर्धं वाक्य त्याच्या स्वतःच्या आवाजात सोडायचं आणि मग तो आवाज बुडवायचा. माणूस खरा आहे एवढं लोकांना पटलं की झालं. म्हणजे जगाच्या वाट्याला माझा नवरा अर्धं वाक्य येणार. माझ्यापेक्षा जग नशीबवान म्हणायचं!

बुधवार, १६ ऑक्टोबर

दिवसभर निवडणुका. घोषणा, ढोल, मतपेट्या. बर्फाला हात लावला नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

लावायला नको होता.

मागच्या वर्षी हा परत यायचा होता. बोट माणसं घेऊन आली, त्यात हा नव्हता. फोनवर म्हणाला, "बदलीचा माणूसच आला नाही, काय करणार." मी रडले. मग त्याच्या कंपनीला शिव्या घातल्या. मग माझ्या नणंदेनेही घातल्या, तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहेत.

आज त्याच्याच तोंडून ऐकलं — बदलीचा माणूस आला होता! चांगला तरणाताठा. यानेच वरिष्ठांना सांगितलं, "त्याला दुसऱ्या केंद्रावर पाठवा, मी थांबतो इथेच." हसत हसत सांगतोय! पोटात एक, ओठात एक.

तिथेच फिल्म बंद केली. पुढचं ऐकलंच नाही. मशीनमधला चहा घेऊन जिन्यात जाऊन बसले, तो तिथेच गार झाला.

आणि नेमका तेव्हाच नणंदेचा फोन. "वहिनी, यंदा दादा नक्की ना?" म्हटलं, "तोच जाणे." "असं काय बोलता?" काय बोलू? सगळ्या देशाला रविवारी कळणार आहे, तुम्हीही ऐका, चहा घेऊन बसा समोर!

शनिवार, १९ ऑक्टोबर

एवढं काय वाईट होतं रे या घरात?

रविवार, २० ऑक्टोबर

त्याचा फोन. दर रविवारसारखाच. मी बोलले की ते तिकडे पोचायला वेळ, त्याचं इकडे यायला वेळ, मधे नुसती खरखर. ती खरखर मला सहन होत नाही, म्हणून मी बोलत राहते. गीझर पुन्हा दुरुस्त केला, खालच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले, तुझ्या बहिणीचे गुडघे... तो 'हं', 'हं'.

मग म्हणाला, "कामाचं काय? नवीन काही आलंय?"

ताकाला जाऊन भांडं लपवणारी मी! म्हटलं, "निवडणुका, दुसरं काय." आणि निवडणुकांवरच सुटले. त्याने मधेच पुन्हा विचारलं, "आणखी काही नाही?" म्हटलं, "आणखी काय असणार?"

मग म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत बोटीसाठी नावं द्यायची आहेत. कोण परत जाणार, कोण थांबणार."

"मग?"

"बघू."

त्यानंतर मी काय बोलले असेन? पाण्याच्या टाकीबद्दल! टाकी साफ करून घ्यायची आहे म्हणून सांगत होते, तेवढ्यात वेळ संपली. 'ये' हा केवढासा शब्द. पण ज्याने स्वतः राहायचं ठरवलंय त्याला मी कोण बोलावणार? मलाही काही मान आहे की नाही?

आहे. त्या मानाशेजारीच झोपते हल्ली.

सोमवार, २१ ऑक्टोबर

महाराजांचं ध्वनिमुद्रण. आमच्याकडे सगळे राष्ट्राध्यक्ष, सेनापती आणि वाघसिंहांची निवेदनं हेच करतात, म्हणून महाराज. आवाज असा की साधं 'पंखा लावा' म्हणाले तरी सिंहासनावरून म्हटल्यासारखं वाटतं. या खेपेला त्यांच्या वाट्याला माझा नवरा.

काचेपलीकडून विचारतात, "ताई, हा माणूस कसा आहे? तापट, मिश्कील, की नुसताच दमलेला? तसा सूर लावतो."

मी म्हटलं, "साधा आहे. कमी बोलतो."

"कमी? अहो, इथे पानंच्या पानं बोललाय! तुम्ही ओळखता का याला?"

"नाही," म्हटलं. आणि म्हटल्यावर लक्षात आलं, की आपण खोटं बोललो नाही.

मग महाराजांनी पुढचं पान वाचलं. गुरुवारी मी ऐकायचं टाळलं होतं तेच. 'मी का थांबलो सांगू? मी नसताना माझ्या बायकोने घर फार छान बसवलंय. तिचं माझ्यावाचून काही अडत नाही. गीझर बिघडला तरी तो दुरुस्त झाल्यावरच मला कळतं. परत गेलो तर मी तिथे पाहुणा. पाहुण्यासारखं राहण्यापेक्षा इथे माझी निदान एका जनरेटरला तरी गरज आहे.'

हे मी माझ्या भाषेत पहिल्यांदा ऐकलं आणि तेही भलत्याच माणसाच्या तोंडून, खर्जात. महाराज म्हणाले, "पुन्हा घेऊ का? 'पाहुणा' जरा जास्त भारी झालं."

म्हटलं, "राहू दे." पुढची पानं माझ्या कानात शिरलीच नाहीत.

अरे वेड्या, मी गीझरचं सांगते ते तुला काळजी नको म्हणून. सगळं ठीक आहे म्हटलं की माणूस निवांत राहील, म्हणून. आणि तू हे असं मोजलंस?

बुधवार, २३ ऑक्टोबर

मॅडमशी भांडले. पहिल्यांदाच.

झालं असं. फिल्मवाल्यांकडून संगीत वेगळं येतं, बोलणं वेगळं. आज संगीत बंद करून नुसतं बोलणं लावलं. ते पाहुण्याचं, जनरेटरच्या गरजेचं बोलून झालं आणि तो थांबला. फिल्ममध्ये तिथे सारंगीसारखं काहीतरी वाजतं आणि बर्फ दिसतो. पण संगीत काढल्यावर कळलं, तिथे तो आहे. श्वास ऐकू येतो. खुर्ची करकरते. लांब जनरेटर. आणि ती बाई — एक शब्द बोलत नाही! पुढचा प्रश्न नाही, 'अरेरे' नाही, काही नाही. नुसती बसून राहते. मी असते तर एव्हाना पाण्याच्या टाकीवर पोचले असते.

किती तरी वेळाने तो पुन्हा बोलतो. म्हणतो, "रविवारी आम्ही फोनवर बोलतो. म्हणजे ती बोलते. मी काही म्हणायला जातो तोवर ती पुढे गेलेली असते. मग फोन ठेवतो, जनरेटरपाशी येतो आणि तिच्या एकेका प्रश्नाचं उत्तर देतो. मोठ्याने. इथे कुणी ऐकत नाही."

पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. डोळे पुसायला हातात होतं ते तारा पुसायचं फडकं, सगळं तोंड काळं.

तेवढ्यात मॅडम मागे उभ्या. "ही मधली जागा केवढी! अर्धी कर. लोक चॅनल बदलतील. इथे काही होतच नाही."

"होतंय," मी म्हटलं.

"काय होतंय?"

"तो विचार करतोय. सांगू की नको, म्हणून."

"तुला काय माहीत?" असं काहीसं म्हणाल्या. शिवाय 'जाहिरातींचं बघायचं कुणी', 'आयुष्यभर कापत आलीस, आत्ताच काय झालं'. खरंच आहे. दुसऱ्यांच्या असल्या जागा कापूनच तर जेवते मी! पण ही नाही कापणार म्हटलं. कापायची असेल तर दुसऱ्या कुणाला तरी बसवा. बघत राहिल्या माझ्या काळ्या तोंडाकडे. मग म्हणाल्या, "ठेव. पण लोक उठून गेले तर तुझ्या नावावर."

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

मला तो हवाय. बस. न बोलता हवाय, बोलत हवाय, कसाही. त्याचे डिझेलने माखलेले कपडे वेगळे धुवायचा कंटाळा यायचा, तो कंटाळासुद्धा हवाय. स्वयंपाकघरात उभी होते आणि तो मागून येऊन डब्याचं झाकण उघडतोय असं इतकं खरं वाटलं की सवयीने ओरडले, "हात धुतलेस का?"

या रविवारी टाकी नाही, गीझर नाही. एकच प्रश्न विचारायचा आणि तोंड बंद. त्या बाईला जमलं, मग मला का नाही?

रविवार, २७ ऑक्टोबर

फोन आला नाही.

सकाळपासून नियंत्रण कक्षात. समोरच्या पडद्यांवर अख्खं जग चाललं होतं. कुठे सरकार पडलं, कुठे नदी आटली, एका बेटावरची माणसं शाळा उचलून डोंगरावर नेत होती. सगळ्यांची अर्धी अर्धी वाक्यं कानावर पडत होती आणि मग महाराज. माझं लक्ष मात्र खिशातल्या मोबाइलवर. त्याची वेळ आली, टळली. दर वेळी येतो. आजच का नाही?

संध्याकाळी बर्फाची फिल्म लागली. त्याचा स्वतःचा आवाज आला, तेवढाच, आणि बुडाला. महाराज शेजारी बसून स्वतःला ऐकत होते. मधेच माझ्याकडे वळले.

"ताई, हा तुमचा कोण?"

"नवरा."

"अरे बाप रे! मग मी कसा झालो?"

म्हटलं, "त्याच्यापेक्षा छान. त्याचं नाक कायम चोंदलेलं असतं."

हसले नाहीत ते. ती मधली जागा आली, बर्फ आणि संगीत, तेव्हा त्या खोलीत कुणी बोललं नाही. मॅडमसुद्धा नाहीत. मी मनात म्हणत होते, आता बोलेल, आता बोलेल, जसं काही या खेपेला तो दुसरंच काही सांगणार होता.

घरी आल्यावर नणंदेचा फोन वाजत राहिला. नाही उचलला. चार दिवस राहिलेत नाव द्यायला. दिलं असेल का त्याने? थांबणाऱ्यांत?

सोमवार, २८ ऑक्टोबर

आला फोन. काल तिकडे वादळ होतं, लाइनच बंद.

विचारलं, "यंदा येतोस का?" आणि ओठ दाताखाली धरून बसले. खरखर, खरखर. वाटलं, गेली लाइन. तरी बोलले नाही.

मग म्हणाला, "फिल्म ऐकलीस?"

"हं."

"मीच त्या बाईला तुमच्या चॅनलचं नाव दिलं होतं. म्हटलं, दुसरीकडे कुठे नाही पाठवलीत तरी चालेल, तिथे पाठवा. मला तुलाच सांगायचं होतं. हेडफोन लावलास की तू मधे बोलत नाहीस, शेवटपर्यंत ऐकतेस." आणि मग, "नाव देऊ का बोटीसाठी?"

दे, म्हटलं. आणि इतकी रडले की त्याला वाटलं लाइन तुटली, तो आपला तिकडून हॅलो हॅलो करत बसला.