गब्बूचे तांबडे पंजे

११ फेब्रुवारी, मंगळवार

गब्बूनं परत खाजवून पोट फोडून घेतलं! शाळेतल्या कामावरून घरी आले तर फरशीवर रक्ताचे ठिपके आणि हा कुत्रा कोपऱ्यात बसून पंजे चाटतोय. काखेत, जांघेत लालभडक. वास पण मारतोय.

प्राण्यांच्या दवाखान्यात डॉ. क्रांतीनं सगळं परत समजावलं. खरूज नव्हे, ॲलर्जी. दुसऱ्या कुणाला लागत नाही. मुळातून जाणार नाही, पण वरून लावायची औषधं नेमानं लावली तर आटोक्यात राहील. शाम्पू लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, मग गार पाण्यानं धुवायचं. अंग कोरडं झालं की पंजांवर स्प्रे. सोललंय तेवढ्यावरच मलम, तेही पातळ. सुकेपर्यंत गळ्यात ती नरसाळ्यासारखी कॉलर, नाहीतर चाटून पोटात घालेल.

नेमानंच करतेय की मी! मग?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दहा मिनिटं म्हणजे काय, ते ओलं कुत्रं धरून बसल्याशिवाय कळायचं नाही. दोनदा अंग झाडलं. भिंत, गाऊन, माझं तोंड — सगळा फेस. सासरे ओट्यावरून बघत होते.

"कुत्र्याला श्यांपू! म्हातारपणी काय काय बघायचं हाय रं देवा." अप्पा गब्बूचं नाव घेत नाहीत, 'ते बेणं' म्हणतात.

पण संध्याकाळी खाजवलं नाही! गाढ झोपला. माझा जीव भांड्यात पडला.

आणि जेवताना शिवप्रसाद बोललाच. "दोन तारखेपर्यंत बघू, रक्षिता. नाहीतर आजऱ्याला आक्काकडं धाडू. बागेत राहील." शेजारच्या शालूबाई रोज दारात येऊन "आमच्या नातवाला लागंल की ओ खरूज" करतात, त्यानं नवरा वैतागलाय. आक्का माझी नणंद, माणूस चांगली. पण काजूच्या बागेत याला आंघोळ कोण घालणार? दाव्याला बांधून ठेवतील आणि हा खाजवून खाजवून मरेल.

ताटावरून उठले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

परत तेच. पोटावर नवं पुरळ, पंजे तांबडे. काय चुकतंय माझं?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

"चाटून चाटून केस तांबडे होतात," डॉ. क्रांती म्हणाली. मग वाकून वास घेतला. "कापराचा वास येतोय. हळद, तेल, असलं काही लावता का? खरं सांगा."

असा राग आला! औषधाशिवाय बोट लावलं नाही म्हटलं.

"मग दुसरं कुणीतरी लावतंय. थांबवा ते. कापूर याच्या पोटात गेला तर जिवावर बेतेल."

शालूबाई! खोबरेल-कापराचं वेड त्यांनाच. तडक गेले आणि नको नको ते बोलले. त्या रडायलाच लागल्या. "देवाशपथ न्हाय ओ, मी त्याच्या जवळ तरी जाती व्हय?" खरं बोलत होत्या. भीतीनं चार हात लांब असतात त्या.

मग कोण? शिवप्रसाद? छे, तो हात लावत नाही. राहिलं कोण घरात!

२० फेब्रुवारी, गुरुवार



अप्पा रोज पहाटे गब्बूला फिरवून आणतात. तेवढंच माझं एक काम कमी, म्हणून मी कधी विचारलंच नाही कुठं नेता. कुस्ती कधीची सुटली त्यांची, पण तालीम उघडायचा मान अजून त्यांचाच. किल्ली कमरेला. आमच्यात बायका तालमीत जात नाहीत. आज गेले. उंबऱ्याच्या बाहेर चप्पल काढून उभी राहिले.

आत कुस्तीच्या हौद्यात कुणी नव्हतं. आवाज मागच्या बाजूनं येत होता. वळसा घालून गेले, तर अप्पा फतकल मारून बसलेले. घमेल्यात हौद्यातली तांबडी माती — तेल, ताक, लिंबू, हळद, कापूर घालून मळलेली. गब्बू उताणा. त्याच्या पोटावर माती चोळत होते, अगदी हलक्या हातानं. "दम धर बेण्या. आमी हिच्यावरच वाढलोय." शेजारी पाण्यानं भरलेली बादली. म्हणजे धुऊन आणायचे घरी!

"अप्पा!" एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली. सोललेल्या कातडीवर लिंबू नि कापूर! मारताय तुम्ही त्याला, म्हटलं.

अप्पा उठले. असं तोंड त्यांचं मी कधी बघितलं नव्हतं.

"पन्नास वर्सं ह्या मातीनं पोरं बरी झाल्याती. माझी माती कुणाला बाधत न्हाय!"

येताना शालूबाईंची माफी मागितली. त्यांनी दार पुरतं उघडलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

चोळणं बंद. गब्बूला मीच फिरवते. तरी पुरळ!

कारण डोळ्यांसमोर आहे. अप्पा तालमीतून आले की हा साखळीला हिसडा मारून त्यांच्याकडं. पाय चाटतो, धोतरात तोंड खुपसतो, कुशीत लोळतो. डॉ. क्रांती म्हणाली, हातापायावरची माती पण नको.

अप्पांना म्हटलं, बाहेरच आंघोळ करून आत या.

"तालमीची माती धुऊन घरात येऊ? विटाळ हाय व्हय ती?" ताट सारलं. तेव्हापासून अबोला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

शिवरात्र. उपास सगळ्यांना, बोलण्याचाही.

१ मार्च, शनिवार

आक्काचा फोन आला. उद्या सकाळी गाडी पाठवते. शाम्पू, स्प्रे, मलम, कॉलर पिशवीत भरलं. कुठं काय लावायचं ते सांगितलं. "बघते गं," म्हणाली. बघते म्हणजे काय, ते मला कळतं.

शिवप्रसाद नजर चुकवतोय. अप्पा सकाळी गेले ते दिवसभर घरी नाहीत. गब्बू दाराकडं तोंड करून बसलाय. खूप रडले.

२ मार्च, रविवार

गाडी आली, रिकामीच परत गेली. अप्पांनी ड्रायव्हरला चहा पाजून लावून दिलं.

आज तालमीला गेले नाहीत ते. कमरेला किल्ली नव्हती. शालूबाईंनी सांगितलं — काल तालमीतल्या मारुतीपुढं नारळ फोडला, किल्ली पोरांच्या हातात दिली आणि हौद्याच्या काठावर अंधार पडेपर्यंत बसून राहिले.

मी मोरीत शाम्पू काढत होते. अप्पा आले. बाह्या सारून कोपरापर्यंत हात धुतले, साबणानं. खाली बसले, गब्बूला मांडीत घेतला.

"किती मिंटं म्हणाली ती डॉक्टरीण?"

"दहा."

"लाव. मी धरतो त्याला."