गणपती मिराशी यांच्या खोलीतला टीव्ही पुन्हा सुरू करण्याबाबत

प्रति,
मा. कार्यनिर्वाहक अधिकारी,
तालुका पंचायत, जोयडा,
जि. उत्तर कन्नड.

अर्जदार : सौ. भाग्यलक्ष्मी गणपती मिराशी, रा. कुमगाळी, गणेशगुडीजवळ.

विषय : कुमगाळी ग्रामपंचायतीने घरात शिरून उचलून नेलेला संगणक परत देण्याबाबत व कापलेली वायर जोडून देण्याबाबत.

संदर्भ : ग्रामपंचायतीची नोटीस, जी संगणक नेल्यानंतर दुसऱ्या दिवशी दारात टाकण्यात आली.

महोदय,

१. अर्जदार ही पती गणपती, मुलगी मयूरी व दीर गुणा यांच्यासह वरील गावी राहते. नदीवर राफ्टिंगला येणाऱ्या पाहुण्यांसाठी घराच्या दोन खोल्या दिल्या जातात. गावात मोबाईलला रेंज नाही आणि पावसात डिश बंद पडते. म्हणून अर्जदाराचा भाचा प्रवीण, ज्याचे बेळगावात संगणक दुरुस्तीचे दुकान आहे, त्याने एक जुना संगणक आणून माजघरात बसवला. त्यात सिनेमे भरले, वाशांवरून वायरी ओढल्या आणि प्रत्येक टीव्हीमागे एकेक लहान डबी लावली. पाहुण्यांच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पतीची खोली, अशा चारही टीव्हींवर ज्याला जे हवे ते वेगवेगळे दिसू लागले. यात बेकायदा काय आहे, हे अर्जदारास अजून कोणी सांगितलेले नाही.

२. अर्जदाराच्या पतीस गेल्या वर्षी पक्षाघात झाला. उजवे अंग गेले, वाचाही गेली. पहिला चहा घेण्याआधी शेताला फेरी मारून येणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. सिनेमा लावला की डोळे मिटून घेई. ते पाहून प्रवीण म्हणाला, "आत्ते, मामांना शेतच दाखवूया की." त्याने शेताच्या कडेच्या पोफळीवर कॅमेरा बांधला, त्याची वायर पाणंदीवरून उंच ओढून त्याच संगणकाला जोडली. त्या दिवसापासून पतीच्या टीव्हीवर फक्त भाताचे शेत दिसे. पतीने डाव्या हाताने खूण करून उशी उंच करून घेतली. भिंत सुटली.

एके दिवशी दिवेलागणीला पाहुणे जेवायला बसले असताना आतल्या खोलीतून आवाज आला, "हाकल! हाकल गे!" अर्जदाराच्या हातातील पळी आमटीत पडली. घरात तो आवाज कित्येक महिने कोणी ऐकला नव्हता. टीव्हीवर खालच्या बांधाशी तीन गवे उभे होते. गुणा पत्र्याचा डबा बडवत धावला व गवे रानात गेले. अर्जदाराने ते पाहिले नाही. ती खोलीच्या दारात उभी राहून नवऱ्याचे बोलणे ऐकत होती. त्यानंतर रोज एखादा शब्द येऊ लागला. पाणी सोड. बांध बघ. गुणाला सांग. डॉक्टरांनीही म्हटले, हे बंद करू नका.

३. ते बंद केले ग्रामपंचायत सदस्य श्री. नागराज यांनी. त्यांचे पाहुण्यांचे घर पाणंदीपलीकडे आहे. ते चहाला आले, चारही टीव्ही फिरून पाहिले आणि म्हणाले, "अक्का, आमच्याकडं बी एक वायर सोडा की. आमचे पाव्हणे टीव्ही नाही म्हणून कुरकुरत्यात." संगणक जुना आहे, आणखी टीव्हींचा भार घेणार नाही, असे अर्जदाराने नीट सांगितले. प्रवीणला विचारून त्यांच्याकडे वेगळा बसवून देऊ, असेही सांगितले. त्यावर ते हसले व म्हणाले, "तुमचं सरळ चाललंय ते चालू दे मग."

पुढच्याच आठवड्यात पंचायतीची माणसे गाडी घेऊन आली. विनापरवाना केबलचा धंदा आणि पंचायतीच्या पाणंदीवर अतिक्रमण, असे दोन गुन्हे त्यांनी उंबऱ्यात उभे राहून ऐकवले. स्वतःच्या घरातील चार खोल्यांना वायर ओढणे हा धंदा होत असेल, तर चुलीवरची भाकरी माजघरात नेणे ही मालवाहतूक ठरेल, त्याचाही परवाना मागावा. आणि त्याच पाणंदीवर श्री. नागराज यांच्या दिव्यांच्या माळा या झाडावरून त्या झाडावर लोंबत आहेत. त्यांना विळा लागला नाही. अर्जदाराच्या वायरीला लागला.

मयूरी म्हणाली, "बाबांचा टीव्ही तेवढा चालू ठेवा, बाकीचे न्या." एकाने उत्तर दिले, "पेटी एकच हाय न्हवं?" पती पलंगावरून बघत होता. पडदा काळा झाला तेव्हा तो काही बोलला नाही. अजून बोललेला नाही.

४. अर्जदार पंचायतीत गेली. संगणक तेथे कपाटात कुलूपबंद असेल, असे तिला वाटले होते. तो सभागृहातील टीव्हीला जोडलेला होता आणि अर्जदाराच्या घरचा सिनेमा श्री. नागराज पाय पसरून पाहत होते. "पुरावा तपासायला नको का, अक्का?" असे ते म्हणाले. अर्जदाराने त्यावर काय उत्तर दिले, ते या अर्जात लिहिण्यासारखे नाही. मात्र ते तिने दिले आणि त्याबद्दल ती माफी मागणार नाही.

५. त्याच आठवड्यात गवे उतरले. पोसवलेले भात खाऊन, तुडवून गेले. वनखात्याकडे भरपाई मागता येईल, पण अर्जदारास भरपाईचे बोलायचे नाही. सकाळी गुणाने आडवे झालेले भात पाहिले व घरी येऊन हळू आवाजात सांगितले. पतीने ते ऐकले. त्याने पुन्हा भिंतीकडे तोंड केले. औषधाची गोळी ओठांशी नेली तर तोंड उघडेना.

६. म्हणून मागणी अशी की, संगणक आहे तसा, त्यातील काही न पुसता, परत द्यावा. वायर ज्यांनी कापली त्यांनीच जोडावी. श्री. नागराज यांनी अर्जदाराच्या पतीसमोर बसून हे कोणत्या कायद्याने केले, ते तोंडाने सांगावे. पती बोलत नसला तरी त्यास ऐकू येते.

७. महोदय, चौकशीसाठी घरी येऊ नये. घराला कडी आहे, पाहुण्यांना परत पाठवले आहे. काल गुणाने व अर्जदाराने पतीस खुर्चीसकट उचलून शेतातील खोपीत आणले. खोप चारी बाजूंनी उघडी आहे, ओल आहे, डॉक्टर रागावतील. परंतु येथे बसवल्यावर त्याने गोळी घेतली, पेज घेतली आणि उरलेल्या भाताकडे बघत राहिला. घरी नेण्यास हात लावला की डाव्या हाताने खांब घट्ट धरतो. त्यामुळे अर्जदारही येथेच आहे. आपण जेवढे दिवस घ्याल, तेवढे दिवस दोघे येथेच राहतील.

नम्रतेची सवय अजून न सुटलेली,

(सही)
भाग्यलक्ष्मी गणपती मिराशी

स्थळ : शेतातील खोप, कुमगाळी
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२४

सोबत : नोटिशीची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी, व या अर्जाचे मयूरीने केलेले कन्नड भाषांतर. तिने त्यात काही शब्द मऊ केले असावेत असा संशय आहे. तसे आढळल्यास मराठी प्रत खरी धरावी.