दिवाणचा उपास

३० मार्च १९७८
...शेगडी पेटवून झाली होती, दूध वर आलं होतं, तुळशीला पाणी घालून मी दिवाणपुढे दूधपोळी ठेवली. त्याने हुंगली आणि तोंड फिरवलं. तेव्हा ध्यानात आलं, आज वद्य पंचमी. हे गेले ती तिथी, दर महिन्याच्या माझ्याही उपासाची. कानपूरच्या मुलाला आठवण नाही, यांच्या कुत्र्याला आहे. ही कालची गोष्ट. आजही तो खात नाही. उपास वाढवलेला दिसतो.

३१ मार्च, सकाळी
शेजारच्या शुक्लाबाई कठड्यावरून म्हणाल्या, भाभीजी, बीमार है, डॉक्टर को दिखाइए. बाईंनी जन्मात एक पोपट पाळला, तोही उडाला. मी म्हटलं, दुखवटा आहे. म्हणे, डेढ़ साल बाद? काहींना दीड वर्ष फार वाटतं.

१ एप्रिल
लायब्ररीतून पाळीव प्राण्यांचं पुस्तक आणलं. आजाराची लक्षणं: न खाणे, लाळ, तोंडावर पंजा घासणे, तोंडाला वास, कोपरा धरणे. पाचही जुळतात. पण लेखकाची कुत्री सामान्य असावीत. दिवाणची लाळ गळते, कारण कुत्र्याला डोळ्यांनी रडता येत नाही. वास उपासाचा, माझ्याही तोंडाला येतो. शिवाय हे गेल्यापासून त्याने मांस वर्ज्य केलंय. मी देतच नाही, पण तोही मागत नाही.

२ एप्रिल, रविवार, संध्याकाळ
विनय कानपूरहून आला. दिवाणने शेपूटही हलवली नाही. मी म्हटलं, त्याचा निश्चय आहे. विनय म्हणाला, आई, निश्चय तुम्हारा है, मर वो रहा है. लखनौत वाढलेली मुलं अशीच बोलायची. दिवाणचे कान तापलेत. उद्या दवाखान्यात नेऊ. डॉक्टरचीही खात्री पटेल.

३ एप्रिल
डॉक्टरांना आधीच सांगितलं, हा शोकात आहे. त्यांनी जबडा उघडून चिमटा घातला. टाळूत आडवं अडकलेलं हाड निघालं, बकऱ्याचं. निशातगंजच्या कबाबवाल्याकडे हा रोज उभा असतो, हे विनयलासुद्धा ठाऊक होतं. आत पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, दो दिन और रुकतीं तो न बचता. घरी येताच वाडगाभर दूधभात चाटूनपुसून खाल्ला आणि झोपला.
म्हणजे तिथी मला एकटीलाच आठवत होती.

४ एप्रिल
सकाळी शुक्लाबाईंकडे गेले. तुमचंच बरोबर होतं, असं सांगितलं.